मागचा लाल दिवा

"दाब गो आता."

अक्षताने बटण दाबले. गाडीच्या बाजूच्या झाकणाआड एकदाच ‘टक’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच घडले नाही.

"पुढचो दिवो मंद झालो काय?" गुणाजींनी विचारले. ते गाडीच्या उजव्या अंगाला उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते.

"नाही ओ पप्पा. तसाच आहे, एकदम कडक."

"हॉर्न मार."

हॉर्न इतका खणखणीत वाजला की पहिल्या मजल्यावरील खिडकीतून अक्षताच्या आईचे, नलिनीबाईंचे, डोके बाहेर आले.

"आठवड्याचो एक रविवार गावता, लोकांका निजाक तरी देवा!"

गुणाजींच्या मुद्रेवर मात्र समाधान उमटले. बॅटरी निर्दोष असल्याचे सिद्ध झाले होते. निदान करताना निरोगी अवयव आधी बाजूला सारावेत, म्हणजे रोगी अवयव आपोआप उघडा पडतो, असा त्यांचा परिपाठ होता. मुलुंड ते भांडुप या पट्ट्यात घरोघरी घेतलेले रक्ताचे नमुने थंड पेटीत घालून प्रयोगशाळेत पोचविणे, हेच काम त्यांनी आयुष्यभर केले होते. नमुन्यांत काय आहे हे पाहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. तथापि प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून जे कानावर पडले, ते त्यांनी जपून ठेवले होते. त्या कामातला त्यांचा एकमेव सोबती म्हणजे ही काळी, टाकीवर तांबडा पट्टा असलेली मोटारसायकल.

मागील हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. वाचा परत आली, हातही आला. उजवे पाऊल मात्र पूर्वीसारखे उचलत नव्हते. किक उजव्या बाजूला असल्याने ती मारणे आता होणार नाही, हे त्यांनीही मान्य केले होते. म्हणून त्यांचा सारा भरवसा अंगठ्याखालच्या त्या लहानशा बटणावर, म्हणजे सेल्फवर होता. आणि दसरा उलटताच सेल्फनेही बोलणे सोडले.

मायलेकींनी गाडी विकण्याची ही संधी साधली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला अंबादास गाडी घेण्यास तयार होता. बराच वादविवाद होऊन अखेर असे ठरले की, आज संध्याकाळपर्यंत सेल्फ लागला तर गाडी राहील आणि पप्पा ती चालवतील. न लागल्यास अंबादास येऊन गाडी घेऊन जाईल. गुणाजींनी त्याच अंबादासकडून सेल्फची नवी मोटार आगाऊच आणून ठेवली होती. त्यांना आपल्या निदानाची इतकी खात्री होती.

"पाय बरो आसा म्हणतास," खिडकीतून पुन्हा आवाज आला, "मगे जिन्यार तुमची चप्पल कशी रवता मागे? काल पण शेजारच्या नीलमने आणून दिल्यान."

"चप्पल सैल आसा गो ती."

"चप्पल सैल! दोन नव्या झाल्या, दोन्ही सैल!"

अक्षता खाली मान घालून हसली. गुणाजींनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी एका लहान दिव्याला दोन तारा जोडून आणल्या होत्या. त्यातील एक तार त्यांनी इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि दुसरी सेल्फ मोटारीच्या बोल्टला टेकवली.

"दाब."

टक. हातातला लहान दिवा लख्ख पेटला.

"बघलंस? करंट हयपर्यंत येता. बटण बरा, रिले बरो, तार बरी. मोटार मेली."

"कन्फर्म?"

"कन्फर्म करूया." त्यांनी पान्याच्या मुठीने मोटारीच्या पाठीवर तीन-चार हलके टोले दिले. अक्षताने बटण दाबताच मोटार खर्र करून अर्धवट फिरली, इंजिन एकदा शहारले आणि पुनश्च शांतता झाली. आतले कार्बन अडकले आहेत, टोल्याने क्षणभर सुटतात आणि पुन्हा अडकतात, असे गुणाजींनी तिला समजावून सांगितले. बोलताना त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनी पूर्वीसारखा भरदार झाला होता. अक्षताच्या ते ध्यानात आले. आपण कोणाच्या बाजूने आहोत, हेच तिला क्षणभर उमगेना.

त्यांनी बॅटरीची काळी तार सोडवली, मोटारीचे दोन बोल्ट काढले आणि मोटार डावी-उजवी हलवत बाहेर ओढली. नवी बसविण्यापूर्वी जुनी उघडून पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही. झाकण निघताच आतून हिरवट, तपकिरी, गुळाच्या पाकासारखा चिकट थर दिसला. गुणाजींनी तो बोटाने खरवडला आणि हुंगला.

"काय आहे ते?"

"नारळाचा पाणी," ते हळूच म्हणाले.

दर दसऱ्याला ते गाडी धूत, हार घालीत आणि गावच्या रीतीने तिच्यापुढे उभे राहून देवाला गाऱ्हाणे घालीत. मग नारळ फोडून त्याचे पाणी मोठ्या भक्तिभावाने इंजिनावर ओतीत. टाकीवर डाग पडू नये म्हणून नेमके खाली, जिथे मोटार होती तिथे. वर्षानुवर्षे ते पाणी फटीतून आत झिरपत राहिले होते.

अक्षताने वर पाहून ही वार्ता खिडकीला कळवली. नलिनीबाई इतक्या हसल्या की त्यांना गजांचा आधार घ्यावा लागला.

"तुमी देवाक घातलात ता मोटारीन प्यालान!"

गुणाजीही हसले. नव्या मोटारीच्या रबरी कड्याला त्यांनी इंजिन ऑइलचे बोट लावले, ती जागेवर बसवली, बोल्ट आवळले, तारा जोडल्या. मग बादलीवरून उठून गाडीवर स्वतः बसले. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. त्यांनी अंगठा टेकवला. इंजिन पहिल्या स्पर्शात चालू झाले.

"वा पप्पा! जिंकलात यार!" अक्षताने टाळी वाजवली. खिडकीतील हसू मात्र मावळले होते.

"आता अंबादासाक सांग, संध्याकाळी चाय पिऊक ये. गाडीक नको." गुणाजींनी इंजिन बंद करून चावी तशीच चालू ठेवली. "मागे जा. रस्त्यार काढूच्या आधी दिवे बघूचे असतत."

हा त्यांचा जुना नियम होता. अक्षता मागे, कंपाउंडच्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. दोन्ही इंडिकेटर लुकलुकले.

"आता ब्रेक. पेटलो?"

"दाबा ना पप्पा."

"दाबलंय."

"अजून दाबा."

"पुरो दाबलंय गो! नाय पेटलो? बल्ब गेलो असतलो."

अक्षता पुढे आली. पप्पांचे उजवे पाऊल ब्रेकच्या पट्टीवर होते. परंतु ते तिथे नुसते ठेवल्यासारखे पडले होते. पट्टी तसूभरही खाली गेली नव्हती. पप्पांचे डोळे समोर होते आणि ओठ जोर लावल्याप्रमाणे आवळलेले होते.

तिने खाली वाकून पट्टी हाताने किंचित दाबली. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. तिने झटकन हात काढला.

"बल्बच गेलाय पप्पा," ती म्हणाली. "राहू दे ना आज. पुढच्या रविवारी बदलू."

 गुणाजींची नजर हँडलच्या आरशावर होती, आणि आरशात ती भिंत दिसत होती. ते सावकाश उतरले, बादलीवर बसले, आणि त्यांनी स्वतःच्या तळहाताने पट्टी दाबली. भिंत लाल झाली. सोडली, विझली. पुन्हा दाबली.

बल्ब निर्दोष होता. तार निर्दोष, स्विच निर्दोष. रोगी अवयव उघडा पडला होता.

"बल्ब बरो आसा," ते म्हणाले.

"पप्पा..."

"हेल्मेट घेऊन ये. तुझा."

"माझं कशाला? मी बाईक चालवून किती वर्षं झाली."

"मीच शिकवलेली ना? गाडी चालवूक कोण इसरणा नाय." मग त्यांनी मान वर करून हाक दिली. "गो, एक नारळ घेऊन खाली ये. पेलो पण आण."

"आज खयचो सण?"

"सण नाय. गाऱ्हाणा घालूचा आसा."

नलिनीबाई खाली आल्या. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिले, नवऱ्याच्या पायाकडे पाहिले, आणि नारळ पुढे केला. गुणाजी गाडीसमोर उभे राहिले. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा! आज ही गाडी मी माझ्या चेडवाच्या हातात देतंय, ती तू मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" नलिनीबाई म्हणाल्या.

"रस्त्यार, उतारार, खड्ड्यात तिची राखण कर. कोण आडवो इलो तर तेका बाजूक सार!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो पाय ब्रेकार पडात तेव्हा गाडी जाग्यार रवांदे, रे म्हाराजा!"

या खेपेला नलिनीबाईंनी मान फिरवली. अक्षतानेच हळू ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. गुणाजींनी पायरीच्या कडेवर नारळ फोडला आणि पाणी पेल्यात धरले. इंजिनावर एकही थेंब पडू दिला नाही.

अक्षताने बटण दाबले. गाडी कंपाउंडमधून आधी अडखळत, मग सरळ निघाली. गुणाजी पेला घेऊन तिच्यामागून पुढच्या भिंतीपर्यंत चालत गेले. गेटाजवळ रिक्षा आडवी आली तेव्हा तिने ब्रेक लावला.

"पेटलो," गुणाजी म्हणाले.

गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. मागून नलिनीबाई आल्या. त्यांच्या हातात उजव्या पायाची चप्पल होती. बादलीपाशीच राहिली होती ती. त्यांनी खाली वाकून ती नवऱ्याच्या पायापुढे ठेवली. गुणाजींनी पेला त्यांच्या हाती दिला, भिंतीला हात टेकवला, आणि खाली पाहत पाहत पाऊल नीट चपलेत घातले.