इरकल लुगड्याची गोधडी

मी गिरिजाबाईंची शिलाई मशीन बोलतेय. चादरींच्या सोलापुरात, जिथं घराघरात चादरींची चवड लागलेली असते, तिथं मला गोधडी शिवायला बसवलं, हे आधी ऐका!

माझं वय विचारू नका. गिरिजाबाई वळसंगहून लग्न होऊन शहरात आल्या, तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीशी आहे. माझ्या अंगावर आकडे कोरलेला एक खटका आहे. वर केला की टीप बारीक, खाली केला की लांब. गिरिजाबाईंनी तो जन्मभर वरच ठेवला. मग शिलाईचा क्लास केलेली सून आली, चंद्रिका. ती तो कायम खाली ओढायची. सकाळी वर, दुपारी खाली. मला कुणी विचारतंय थोडंच?

गेल्या हिवाळ्यात गिरिजाबाईंचे मालक रुद्रप्पा दवाखान्यातून घरी आले. कसल्याच चादरीनं त्यांची हुडहुडी जाईना. म्हणाले, "आईचं इरकल लुगडं हाय की पेटीत. त्याची गोधडी करा."

एकच लुगडं. तेही विरलेलं.

चंद्रिकानं चौकोन कापले आणि लांब टिपेनं भराभर जोडले. गिरिजाबाईंनी जोड जरा ताणून बघितला, तर मधे ही फट! "गोधडी हाय का चाळण?" म्हणत त्यांनी सगळं उसवलं आणि खटका वर करून तुकडे पुन्हा जोडले. जोड पक्के बसले. स्वारी लई खूश. त्याच खुशीत, खटक्याला हात न लावता, खाली जुन्या साड्यांचे थर घालून वरून शिवायलाही बसल्या.

मी कुरकुरले, अडकले, सुईसुद्धा मोडून बघितली. ऐकतंय कोण? चुण्या पडल्या, दाट भोकांनी जुनं कापड पिंजलं आणि एक चौकोन टिपेवरच टर्रकन फाटला.

"सासूबाईंचं लुगडं फाडलं की गं मी," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले.

चंद्रिकाला तेव्हा टोमणा मारता आला असता. तिनं मारला नाही. उरलेल्या चिंध्यांचे तसेच थर रचले, खटका खाली केला आणि एक टीप मारली. सपाट बसली.

"आत्या, तुकडे जोडायला तुमची टीप, थरांना माझी. बघा की."

"व्हय गं. पर फाटल्याचं काय?"

दोरीवर रुद्रप्पांची चौकड्यांची लुंगी वाळत होती. चंद्रिकानं मालकाला न विचारता तिचा तुकडा कापला आणि फाटलेल्या जागी बारीक टिपेनं बसवला.

गोधडी अंगावर घेतली तेव्हा रुद्रप्पांच्या हाताला नेमका तोच चौकोन लागला. "आरं, आईच्या लुगड्यात माझी लुंगी!" म्हणत ते हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग तो कोपरा गालाखाली घेऊन झोपून गेले. दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या, न भांडता. या घरात हे नवलच.

हल्ली माझ्यावर नवं फुलाफुलांचं झाकण असतं. त्याला टीप कोणती घालावी, यावरून दोघींची पुन्हा जुंपली होती. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, तर जे शिवायचं, तिला आधी त्याच कापडाच्या चिंधीवर चालवून बघा. आणि भांडायचं असेल तर खुशाल भांडा, फक्त तेवढा वेळ पायडलवरचा पाय काढून ठेवा.