लाल चौकट

दोन हजार तेरा सालची गोष्ट. कॉम्प्युटरवाला स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून नवं सॉफ्टवेअर घालत होता आणि ताई त्याच्या पाठीशी उभी राहून त्याच्या बोटांकडे अशी बघत होती, जणू परका माणूस तिच्या स्वयंपाकघरात शिरून डबे हलवतो आहे.

"जुन्याला काय धाड भरली होती?" तिने विचारलं.

"जुनं म्हातारं झालं होतं," तो म्हणाला. चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघायची त्याला खोड होती. "आणि ह्यात एक गंमत आहे. बघा."

त्याने कुठल्याशा लग्नाचा फोटो उघडला आणि एक बटण दाबलं. नवरीच्या डोळ्यावर बारीकशी लाल चौकट उमटली. फोटो काढताना फोकस नेमका कुठे धरला होता ते ही चौकट सांगते, असं त्याने समजावलं. कॅमेरा ती खूण फोटोबरोबरच जपून ठेवतो, आजवर आपल्याला ती दिसत नव्हती एवढंच. मग स्वतःशीच खुसखुसत म्हणाला, "नवरीऐवजी चौकट तिच्या मैत्रिणीवर निघाली, की फोटोग्राफरचं लक्ष कुठे होतं ते कळलंच म्हणून समजा."

ताई हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "जुन्या फोटोंवरही दिसते?"

"मूळ फाइल असली तर कितीही जुन्या."

"मग आवरा तुमचं लवकर," ताई म्हणाली आणि त्याच्यासाठी टाकलेला चहा तिने स्वतःच पिऊन टाकला.

ताईला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ, भावजय, गिऱ्हाइकं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. बाबांच्या काळी, जेव्हा फोटो अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली पाण्यातून वर यायचे, तेव्हा ती मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायची. कुणाच्या गालावरचा देवीचा वण पुसायचा, कुणाच्या डोळ्याखालची काळजी पुसायची. लग्न केलं नाही. बघायला आलेल्या एका मुलाच्या तोंडावर "हनुवटी फार मागे आहे, बाजूने फोटो काढू नका" असं तिने सांगितलं, त्यानंतर फारसं कुणी फिरकलंही नाही. पेन्सिल गेली, माऊस आला, पण ताईची नजर तीच राहिली. माणूस दारातून आत आला की आधी तिला त्याचं वैगुण्य दिसे, मग माणूस. आणि माणसं तरी काय एकेक! ज्यांच्याकडे आयुष्यभर कुणी वळून बघितलं नाही, ते म्हणत, ताई, जरा गोरा करा. तोंडावरची माशी न हलणारे म्हणत, जरा रुबाबदार दिसू द्या. ताई सगळं करून देई आणि मनात म्हणे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण या सगळ्यांहून तिचा खरा तिरस्कार राखून ठेवलेला होता तो भावासाठी. ती त्याला कलावंत म्हणत असे, तोंडावर, गिऱ्हाइकांदेखत. मोठ्या शहरात जाऊन फोटोग्राफी शिकून आला, तो गळ्यात रुमाल बांधून. उभं राहा, हसा, झालं, ही बाबांची रीत त्याला चालेना. एकच चेहरा स्वच्छ आणि बाकी सगळं धुक्यात बुडालेलं, असे फोटो तो काढी आणि "प्रकाश माझ्याशी बोलतो" असं सांगे.

"प्रकाश बोलतो," ताई म्हणे, "गिऱ्हाईक बोलत नाही. ते परत येतं कुठे बोलायला?"

यावर तो नुसता रुमाल सैल करी. उलट बोलायची त्याची कधी छाती झाली नाही. पासपोर्टच्या फोटोंवर स्टुडिओ चालत होता आणि ते ताई काढत होती, हे दोघांनाही माहीत होतं.

आता त्या फोटोचं सांगायला हवं. आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरी सगळे जमले होते. आईला पुढे खुर्चीत बसवलं, खांद्यावर नवी शाल. मागे सगळे उभे राहिले. ताई बरोबर आईच्या पाठीमागे आणि ताईच्या शेजारी भावाचे सासरे. हे सासरेबुवा मोठे इमारती बांधणारे, मिशा पिळलेल्या, बोलणं असं की खोलीत दुसऱ्या कुणाच्या आवाजाला जागा उरू नये. कलावंताने कॅमेरा खाली घेतला, वर घेतला, डोकं तिरकं केलं. आई दमून गेली. एक फोटो निघाला, तसं ताई म्हणाली, "पुरे कर तुझं नाटक, तिला बसवत नाहीये," आणि आईला उठवून आत घेऊन गेली.

तो एकच फोटो. त्यात मागची रांग लख्ख आली आणि आईचा चेहरा धूसर. ज्याच्यासाठी सगळा घाट घातला तोच चेहरा नाही. ताईने तो कॉम्प्युटरवर बघितला आणि सगळ्यांदेखत बाहेर येऊन विचारलं, "काय कलावंत, बिघडवलास ना?"

"आई हलली," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं! ताईला तेव्हाच कळलं होतं की हे खोटं आहे. हललेला चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा होतो. आईचा तर पाण्यात साखर विरघळावी तसा सगळीकडून विरघळला होता. पण तो म्हणाला, म्हातारपणाची थरथर सगळ्याच बाजूंना असते, आणि सासरेबुवांनी मान डोलावल्यावर मग सगळ्यांनीच डोलावली. आईने तर विषयच संपवला. "माझंच डोकं हललं असेल गं," ती म्हणाली. "अलीकडे धरत नाही ते."

तिथवर ठीक होतं. पण पुढे आईने अंथरूण धरलं आणि तेच तिच्या मनाने घेतलं. लेक उशाशी आला की म्हणायची, "तुझा एवढा चांगला फोटो मी बिघडवला बघ." आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. नाही म्हणायचा नाही. औषध पाजता पाजता ताई हे ऐके आणि तिच्या हातातला चमचा आईच्या दातांवर आपटे. शेवटच्या आठवड्यात आईला खुर्चीत बसवलं तरी ती दोन्ही हातांनी आपलंच डोकं धरून ठेवायची. हलू नये म्हणून.

आई गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला नातेवाईक जमणार होते आणि स्टुडिओतल्या भिंतीवर बाबांच्या शेजारी आईचा फोटो लागणार होता. म्हातारपणाचा दुसरा फोटो नव्हताच. फोटोवाल्याच्या घरात घरच्यांचे फोटो कोण काढतो? तोच धूसर फोटो लावायचा ठरला होता. म्हणजे येणारा जाणारा बघणार आणि विचारणार, आणि भाऊ सांगणार, आई हलली. मेलेल्या आईच्या माथी हे कायमचं चिकटणार.

म्हणून कॉम्प्युटरवाला गेल्या गेल्या ताईने दाराला कडी घातली.

चौकट कुणावर निघणार याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. सासरेबुवा! नव्या इमारतींचे फोटो काढायचं काम त्यांच्याकडून मिळावं म्हणून जावई त्यांच्यापुढे शेपूट हलवत होताच. आईला खुर्चीत बसवून त्याने फोकस धरला मिशांवर. बाकीच्यांसमोर पडद्यावर ही चौकट दाखवायची, एक शब्दही न बोलता, एवढंच तिने ठरवून टाकलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तरी तिने आधी त्याने बाहेरच्या गिऱ्हाइकांचे काढलेले फोटो उघडून बघितले. जमलंच तर ढिगाने पुरावा हवा होता. आणि तिथे तिचा विरस झाला. चौकट नवरीच्या डोळ्यावर. तान्ह्या मुलाच्या पापणीवर. भाषण करणाऱ्याच्या ओठांवर नाही, डोळ्यावरच. जिथे असायला हवी तिथेच, प्रत्येक वेळी. ताईने नाक मुरडलं. वर्षानुवर्षं एकच काम केलं तर माकडालाही जमतं.

मग तिने आईचा फोटो उघडला आणि बटण दाबलं.

चौकट सासरेबुवांवर नव्हती. ती बोटभर अलीकडे होती. ताईच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यावर.

ताईने बटण बंद केलं आणि परत दाबलं. तिथेच. तिने फोटो मोठा केला. इतक्या वेळा हा फोटो बघितला, पण आईच्या पलीकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. आता पडदाभर तिचा स्वतःचा चेहरा आला. एक भुवई वर गेलेली, ओठ आत दुमडलेले, सुईत दोरा जाईल इतका स्वच्छ. याला कधीतरी काही जमणार आहे का, असं तो चेहरा म्हणत होता. दुसऱ्या कुणाचा असता तर ताईने न सांगता पुसून दिला असता.

तिने घरचे दुसरे फोटो शोधले. भाच्याचा पहिला वाढदिवस: पहिल्या फोटोत चौकट कोपऱ्यातल्या ताईवर, दुसऱ्यात बाळावर. स्टुडिओच्या नव्या पाटीचा फोटो: पहिल्यात दारात उभ्या ताईवर, दुसऱ्यात पाटीवर. जिथे जिथे ती होती तिथे तिथे पहिला फोटो तिच्यावर. आणि दुसरा, ज्याचा काढायचा त्याच्यावर.

दार वाजलं. ताईने कडी काढली. भाऊ आत आला, पडद्याकडे बघितलं आणि उभा राहिला. चौकट काय असते हे त्याला सांगायला लागलं नाही.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"सवय आहे," तो म्हणाला. "आधी तुझ्यावर धरतो."

"का? मी काय रंभा लागून गेले?"

त्याने गळ्यातला रुमाल सोडला आणि हातात चुरगळला. "लहानपणी बाबा मला कॅमेरा हातात द्यायचे, तेव्हा मी आधी तुझ्याकडे बघायचो. चुकतोय की नाही ते तुझ्या तोंडावर दिसायचं. अजून तसंच होतं. तुझा चेहरा बघितल्याशिवाय पुढचं सुचत नाही."

"आणि आई?"

"दुसरा आईवर धरणार होतो." तो म्हणाला, "तू पुरे म्हणालीस."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर ताईला सोपं गेलं असतं. टोमण्याला उत्तर तिच्याकडे नेहमीच तयार असे. पण तो नुसतं सांगत होता.

"मग आई हलली म्हणून का सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर विचारलंस. सासरे होते. ताईकडे बघत होतो म्हणून आईचा फोटो गेला, असं सांगू? हसले असते."

"आणि ती मरेस्तोवर स्वतःचं डोकं धरून बसली, तेव्हा?"

त्याने चुरगळलेला रुमाल खिशात कोंबला.

"भेकड आहेस तू," ताई म्हणाली.

"आहे," तो म्हणाला.

ताईने कॉम्प्युटर बंद केला. काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसला तशी ती उठली.

वर्षाच्या दिवशी सगळे जमले. ताई भावाशी तोवर एक शब्दही बोलली नव्हती. भावजयीला वाटलं, नेहमीचंच असेल. भिंतीवर फोटो लागला. पुढे धुक्यात बसलेली आई आणि मागे लख्ख उभे असलेले सगळे, त्यात मिशांसकट सासरेबुवा. ते स्वतःलाच बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "सगळे छान आलेत. विहीणबाई तेवढ्या हलल्या."

भावाने ताईकडे बघितलं. वर बघावं तसं, खालून. लहानपणी कॅमेरा हातात घेऊन बघायचा तसंच. त्याचे ओठ उघडले होते. तो काय बोलणार होता हे ताईला कधीच कळलं नाही, कारण त्याच्या आधी तीच बोलली.

"आई हलली नव्हती. फोकस माझ्यावर होता."

"तुमच्यावर?" सासरेबुवा हसले. "तुमच्यावर कशाला?"

"ते त्या कॅमेऱ्याला विचारा," ताई म्हणाली. "तुमच्यावर नव्हता, एवढं नक्की."

यानंतर आई हलली असं त्या घरात पुन्हा कुणी म्हटलं नाही.

सासरेबुवांनी आपल्या इमारतींचे फोटो भलत्याच माणसाकडून काढून घेतले. पुढे त्यांचा आवाज गेला आणि ते पाटीवर लिहून बोलू लागले. पाटीवरही मोठ्याच अक्षरात. भावजयीने स्टुडिओच्या अर्ध्या भागात फोनच्या कव्हरांचं दुकान काढलं आणि तेच चालतं. कॉम्प्युटरवाला अजून येतो आणि अजून नव्या सॉफ्टवेअरची तीच गंमत सांगतो. भावाने गळ्यात रुमाल बांधायचं सोडलं. ताई त्याला कलावंत म्हणायची थांबली नाही, आणि तिच्या बोलण्याची धारही बोथट झाली नाही. फरक पडला तो एवढाच की, तो कॅमेरा उचलताना दिसला की ती त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राही.

ताई गेली तेव्हा तिचा फोटो शोधावा लागला नाही. भावाने भिंतीवरच्याच फोटोची मूळ फाइल उघडली, तिचा चेहरा कापून मोठा केला आणि आईच्या शेजारी लावला. भुवई तशीच ठेवली, ओठही. फोटोच्या खालच्या कडेला एक पांढरा ढग आहे. लोकांना वाटतं, काच नीट पुसलेली नाही. ते आईचे केस आहेत. पुसायला काहीच लागलं नसतं. त्याने पुसले नाहीत.