खुर्ची उभीच पाठवावी

वहिनीच्या पडद्यांचा रंग धाकटीने कुठेही ओळखला असता. शेवाळलेल्या पाण्यात पिस्ते वाटून घातले की जो रंग होईल, तो. त्यामुळे लिलावाच्या साइटवर "जुनी सलूनची खुर्ची, चालू स्थितीत" असा फोटो दिसला तेव्हा तिने आधी पडदा ओळखला आणि मग खुर्ची. खुर्ची बाबांची होती. डाव्या हातावरचं रेक्झिन जिथे उचकटलं होतं, तिथे लहानपणी केस कापून घेताना ती स्वतः नखं रुतवून बसायची. विक्रेत्याने नाव घेतलं होतं "टापटीप". तेही वहिनीलाच शोभणारं.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या बापाची खुर्ची माझा भाऊ बाजारात मांडून बसलाय."

नवरा शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचा. काचेच्या नळ्या आणि मुलांची डोकी, दोन्ही फुटू न देता दिवस काढायची त्याला सवय होती. "मग फोन कर आणि माग," तो म्हणाला.

"मी? फोन?"

विषय संपला.

बाबांच्या सलूनमध्ये धाकटी थोरल्या भावाच्या बरोबरीने उभी राहायची. वस्तऱ्यावर तिचा हात हलका, असं बाबा चारचौघांत म्हणायचे, थोरल्यादेखत. बाबा गेले आणि थोरल्याने दुकान विकायला काढलं. मी चालवते, असं तिने सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "बाई दाढ्या करणार आणि गिऱ्हाईक रांग लावणार, होय?" त्या दिवसापासून दोघांत अबोला. थोरला कुठल्याशा गोदामात कारकुनी करून निवृत्त झाला. धाकटीने कर्ज काढून स्वतःचं सलून थाटलं. गिऱ्हाइकांनी रांगही लावली, पण ती बघायला भाऊ कधी फिरकला नाही. तिला खुर्ची हवी होती हे खरंच. पण त्याने एकदा, फक्त एकदा, "माझं चुकलं" म्हणावं, हे तिला त्याहून जास्त हवं होतं. लिलावाच्या साइटवर माफी विकायला ठेवत नाहीत, म्हणून तिने खुर्चीवर बोली लावली.

खातं नवऱ्याचं होतं, नाव "काचनळी". पत्ता सलूनचा दिला. भावाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक करून घ्यायची तसदीच त्याने कधी घेतली नव्हती.

बोलीत दुसरा एकच होता, "पाहुणा" नावाचा. हा पाहुणा मोठा चिवट निघाला. तिने आकडा वाढवला की तो वाढवायचा, तोही जेमतेम, भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखा. शेवटी शेवटी धाकटीने असा आकडा टाकला की नवऱ्याने आढ्याकडे बघितलं आणि मग उठून पाणी प्यायला गेला. पाहुणा गप्प झाला. खुर्ची तिची झाली.

म्हणजे तिला तसं वाटलं.

"अभिनंदन," टापटीप यांनी कळवलं. "वस्तू वजनदार असल्याने पार्सलने जाणार नाही. टेम्पो करावा लागेल. भाडं वेगळं." बरोबर होतं. लोखंडी बैठक आणि खाली पंप असलेली खुर्ची काही पाकिटात घालून येत नाही. तिने भाडं भरलं.

मग आला जिना आकार. खुर्ची वरच्या मजल्यावरून खाली येणार, तेव्हा प्रत्येक मजल्याचे वेगळे पैसे. दात-ओठ खात तिने तेही भरले. त्यावर कळलं, की जिन्याला वळणं आहेत आणि वळणाचा आकार जिन्याच्या आकारात धरलेला नाही.

"उद्या कठड्याला हात लावल्याचे पैसे मागेल तुझा भाऊ," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते मागितलेच. फक्त त्याला "हाताळणी" म्हटलं होतं.

धाकटीने साइटकडे तक्रार केली. जाहिरातीत "पाठवणी खर्च वाजवी" लिहिलंय आणि इथे गिऱ्हाइकाची बिनपाण्याने हजामत चाललीय, असं तिने स्पष्ट लिहिलं. तत्परतेने उत्तर आलं. "आपली नाराजी आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया विक्रेत्याशी सौजन्याने संवाद साधावा." हेच तिला मावशीने सांगितलं होतं, आत्याने सांगितलं होतं, शेजारणीनेही सांगितलं होतं. पण त्यांनी निदान चहा तरी पाजला होता.

मग सौजन्य सुरू झालं. "माननीय विक्रेते, आपल्या जिन्याची वळणं मोजून पैसे घेणारे आपण पहिलेच असाल." "माननीय ग्राहक, आकार मान्य नसल्यास व्यवहार रद्द करण्यास आमची हरकत नाही. रक्कम परत मिळेल." हे रद्द करण्याचं पालुपद प्रत्येक निरोपाच्या शेवटी असायचं. धाकटीला त्याचा एकच अर्थ लागत होता. बाबांची खुर्ची घेऊन आता माणूस नुसता छळायला बसला होता. रद्द करायला ती काय वेडी होती? त्याने मागावं आणि तिने भरावं, असं चाललं. सलूनचं केस धुवायचं नवं बेसिन पुढच्या महिन्यावर गेलं. नवऱ्याचे बूटही गेले. नवरा एका मोज्यातून अंगठा बाहेर काढून त्याच्याकडे बघत बसायचा तेवढंच.

मग पाठवायचं कसं यावर गाडी आली. टापटीप यांनी कळवलं, "टेम्पोत खुर्ची उभी ठेवल्यास डुलेल. आडवी टाकून पाठवू. अन्यथा सुटी करून चार खोक्यांत पाठवू, सुटी करण्याचा आकार वेगळा."

तेव्हा धाकटी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी होती. तिने वस्तरा शहाण्यासारखा खाली ठेवला, हात पुसले आणि फोन घेतला. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन आरशात बघत राहिलं. ती खटाखट लिहीत सुटली, "आडवी टाकायची नाही! आडवी टाकली की पंपातलं तेल गळतं आणि खुर्ची भर दाढीत गिऱ्हाइकासकट खाली बसते. त्या बँकेच्या मॅनेजरचं काय झालं होतं ते विसरलास? उभीच पाठव!"

निरोप गेला. मग तिने तो वाचला.

बँकेच्या मॅनेजरची हकिगत अशी. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना या दोघा भावंडांनी खुर्ची आडवी पाडून तिची होडी केली होती. थोरला वल्ही मारत होता आणि धाकटी मासे पकडत होती. बाबा यायच्या आत दोघांनी धापा टाकत खुर्ची उभी केली आणि फरशीवरचं तेल स्वतःच्या शर्टाने पुसलं. दुसऱ्या दिवशी तोंडभर फेस लावलेला मॅनेजर कर्जाचे व्याजदर समजावून सांगता सांगता हळूहळू, अगदी सन्मानाने, खाली खाली जात राहिला. आरशात शेवटी फक्त फेस उरला. बाबांनी उरलेली दाढी गुडघे टेकून केली. खुर्चीला काय झालं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीने ते आत्ता माननीय विक्रेत्याला लिहून कळवलं होतं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. "आता मौनाचा आकार लागेल," नवरा म्हणाला. पण धाकटीला हसू येईना. आपण आहोत हे कळल्यावर तो आता खुर्ची देणारच नाही, भंगारात घालेल पण देणार नाही, अशी तिची खात्रीच झाली. त्या दुपारी तिने एकाचे कल्ले वरखाली केले.

संध्याकाळी एक ओळ आली. "उभी पाठवतो. बाकीचे सगळे आकार परत केलेत." खात्यात बघितलं तर पैसे खरंच आले होते. जिन्याचे, वळणांचे, हाताळणीचे, झाडून सगळे.

टेम्पो आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मागचं फळकट खाली पडलं आणि धाकटी दारातच थबकली. चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेली खुर्ची उभी होती आणि तिच्यात थोरला बसला होता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, केस वाऱ्याने उभे, सरकार पडलेल्या मंत्र्यासारखा.

"बाई, यांना सांगा काहीतरी," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "म्हटलं पुढे बसा, तर म्हणे खुर्ची धरायला माणूस पाहिजे. माणसाचं भाडं ठरलं नव्हतं."

"उतर," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"थांब जरा. तो पाहुणा मीच होतो."

"कोण पाहुणा?"

"बोली लावणारा. सुनेच्या फोनवरून." थोरला खुर्चीच्या हाताशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "तुझी वहिनी म्हणाली, अडगळ आहे, काढा. तिला नाही म्हणवेना. म्हटलं, गुपचूप आपणच घेऊ. तर हा काचनळी कोण मेला, सोडेचना. विकणाऱ्याला सौदा मोडता येत नाही, मग म्हटलं पैसे वाढवत जाऊ, कंटाळून तोच रद्द करेल."

"मी रद्द करते होय!"

"ते कळलं. मॅनेजरवरून."

तिला हसू फुटत होतं. तिने ते आवळून धरलं, कारण खरा हिशेब वेगळाच होता. "आणि दुकान?" तिने विचारलं. "तेही वहिनीनेच काढायला लावलं का?"

थोरल्याने तिच्या सलूनकडे पाहिलं. आत बाकावर माणसं हनुवट्या चोळत थांबली होती.

"नाही," तो म्हणाला. "ते मीच. तुझा हात हलका असं बाबा म्हणायचे ना, ते मला फार लागायचं गं. दुकान तुला दिलं असतं तर तू चालवून दाखवलं असतंस, आणि मला ते रोज बघावं लागलं असतं. म्हणून विकून टाकलं. माझं चुकलं."

या शब्दांसाठी धाकटीने किती तयारी केली होती! एकेक टोमणा धार लावून ठेवला होता. आता त्यातला एकही हाती लागेना. तिला स्वतःचाच राग आला.

"खुर्ची तुझीच आहे," तो म्हणाला. "मी फक्त अधूनमधून येऊन बसत जाऊ का तिच्यात? घरी त्या जागी तुझ्या वहिनीने कुंडी ठेवलीय."

"इथे बसायला जागा गिऱ्हाइकांना पुरत नाही, दादा," ती म्हणाली आणि बाहीने नाक पुसलं. "यायचं असेल तर कात्री घेऊन ये. माणूस कमी पडतो मला."

थोरल्याने हातावरच्या उचकटलेल्या रेक्झिनवरून अंगठा फिरवला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"आणि दाढ्या?" त्याने विचारलं.

"दाढ्या मी करणार. तू केस कापायचेस."

"चालेल," थोरला म्हणाला आणि खुर्चीतून उतरला.