महर्षींची पहिल्या नंबरची कादंबरी

महर्षींचं चष्म्याचं दुकान होतं, पण ते चष्मे विकायला आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. काउंटरखाली मांडीवर कादंबरी उघडी असायची आणि गिऱ्हाईक म्हणजे त्यात येणारं विघ्न. गंमत अशी की धंद्यात हात पक्का होता. माणूस हातातला कागद कसा धरतो एवढं पाहून ते नंबर सांगायचे आणि वर ऐकवायचे, "कागद लांब गेला म्हणजे वय जवळ आलं." मग पुन्हा मान मांडीत. एकदा बायको मुद्दाम दुकानात येऊन म्हणाली, "माझेही डोळे बघा ना जरा." महर्षी म्हणाले, "बघू की. एवढं प्रकरण होऊ दे." प्रकरण झालं, कादंबरीही झाली, आणि दुसरी सुरू झाली.

'महर्षी' हे नाव वाचनालयातल्या मंडळींनी ठेवलेलं. निम्मं आदराने, निम्मं टिंगलीने. महर्षींनी त्यातलं आदराचं तेवढं उचललं. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते आपल्या वर्षभरातल्या आवडत्या दहा कादंबऱ्या जाहीर करत. टेबलावर पुस्तकं पालथी मांडलेली असत. दहाव्या नंबरापासून एकेक पुस्तक उलटं करायचं, त्यावर बोलायचं, आणि पहिला नंबर उलटला की चहा. चहाच्या आशेने का होईना, हॉल भरायचा.

निवडीची त्यांची एक रीत होती, ती ते कोणाला सांगत नसत. पहिला नंबर अशा कादंबरीला द्यायचा, जी दुसऱ्या कोणाला धड कळलेली नाही. सगळ्यांनाच कळली तर महर्षी कशाला हवेत? गेल्या वर्षी त्यांनी एकही पूर्णविराम नसलेली कादंबरी वर बसवली होती. निवृत्त बँक मॅनेजर ती अर्ध्यापर्यंत वाचून धापा टाकायला लागले, पण 'अफाट आहे' असं तेही म्हणाले. न म्हणून सांगतात कोणाला!

या वर्षी मात्र महर्षी कात्रीत सापडले, कारण खुद्द मेहुण्याने कादंबरी लिहिली. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करणारा. हातातलं ग्रीस जात नाही आणि निघाला कादंबरी लिहायला, अशी सासरी सगळ्यांनी त्याची भरपूर थट्टा केली होती. पण त्याने बारा वर्षं नेटाने लिहिलं, पदरमोड करून छापलं आणि पहिल्या गठ्ठ्यातली पहिली प्रत बहिणीच्या हातात दिली.

बायकोने ती प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवली. "आईचं शेवटचं सगळं यात आहे म्हणाला." आई गेली तेव्हा हा एकटाच तिच्या उशाशी होता. ही पोचली ती सगळं आटोपल्यावर, आणि ती सल तिच्या मनातून गेली नव्हती. "अहो, तेवढं प्रकरण मला मोठ्याने वाचून दाखवता?"

"मोठ्याने?" महर्षींना हे अगदीच बाळबोध वाटलं. "वाचन ही ज्याची त्याने एकट्याने करायची गोष्ट आहे. मी झालं की तुला देतो."

आणि ते एकट्याने वाचायला बसले. सुरुवातीची शंभर पानं त्यांना अगदीच सरळ वाटली. मुलगा, आई, दोन खोल्यांचं घर, आजार. सगळं कळत होतं, म्हणजे नंबर कुठला लागतोय! नववा द्यावा, घरातलं भांडण टळेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी आईने खाणं सोडलं होतं आणि मुलगा वाटीत पाणी घेऊन तिच्याजवळ बसला होता. महर्षींची नजर समोरच्या पानावर गेली.

"कोंबड्यांमध्ये मर सुरू झाल्यास निरोगी पक्षी ताबडतोब वेगळे काढावेत. खुराड्यातील ओला भुसा बदलावा. ज्या कोंबड्या एकमेकींना चोची मारतात, त्यांना उजेड कमी द्यावा."

अशी सोळा पानं. मग पुन्हा घर, मुलगा, आणि आईचा रिकामा पलंग.

एखाद्या साध्या माणसाने 'हे काय भलतंच?' म्हणून मेहुण्याला फोन लावला असता. पण साधं राहायला महर्षींनी इतकी वर्षं कादंबऱ्या वाचल्या नव्हत्या. त्यांनी पानांचे आकडे पाहिले, ते ओळीने बरोबर होते. मग त्यांच्या अंगावर काटाच आला. आईचं मरण सांगता येत नाही म्हणून हा पठ्ठ्या कोंबड्यांबद्दल बोलतोय! उजेड कमी द्यावा! महर्षींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अगदी खरं पाणी होतं. एवढं खरं त्यांना वर्षभरात दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने रडवलं नव्हतं.

"तुझा भाऊ मोठा लेखक आहे," ते बायकोला म्हणाले.

"आईचं आलंय का हो नीट?"

"आलंय. पण सरळ सांगितलेलं नाही. वाच, पण तुला कळायला जड जाईल."

ती पुस्तक घेऊन आत गेली. दोन दिवसांनी भावाचा फोन आला तेव्हा महर्षींच्या कानावर पडलं, "वाचलं रे. आईचं वाचताना खूप रडले." बायकोचीही अभिरुची सुधारतेय, आपल्या संगतीचा परिणाम, असं वाटून महर्षी खूश झाले.

रविवारी हॉल भरला. बायको पहिल्या रांगेत, मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून अगदी मागे. नऊ पुस्तकं उलटली. चहाच्या किटल्या दारात येऊन थांबल्या. महर्षींनी शेवटचं पुस्तक उलटलं तेव्हा मागच्या रांगेत मेहुण्याचे कान लालेलाल झाले.

"मेहुणा म्हणून नव्हे," महर्षी म्हणाले. (असं म्हणावंच लागतं.) "आईच्या मरणाचं असं चित्रण मी आजवर वाचलेलं नाही. पान एकशे तेरा." आणि जे वाचन एकट्यानेच करायचं असतं, ते त्यांनी साठ माणसांपुढे खणखणीत आवाजात सुरू केलं. मर, भुसा, चोची, उजेड. हॉल गंभीर झाला. दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटले. बँक मॅनेजर, ज्यांनी पुस्तकाला हातही लावला नव्हता, ते पुटपुटले, "खुराडं म्हणजे कुटुंबच की!"

"पण आमच्या प्रतीत कोंबड्या नाहीत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून वाचनालयाची प्रत काढून आणली होती. "इथे आई पाणी मागते."

मेहुणा पुढे आला. त्याने महर्षींच्या हातातलं पुस्तक घेऊन चाळलं आणि त्याचा चेहरा पडला. "छापखान्यात शेजारी कुक्कुटपालनाचं पुस्तक बांधत होते," तो म्हणाला. "पहिल्या गठ्ठ्यात थोडी सरमिसळ झाली असावी, असं नंतर कळलं. मला वाटलं, कोणाकडे तशी प्रत गेलीच, तर वाचणारा सांगेल."

एकाला हसू फुटलं, मग सगळा हॉल खदखदला. बँक मॅनेजर सगळ्यांत मोठ्याने. महर्षी कसेबसे म्हणाले, "तरीसुद्धा, कलेच्या दृष्टीने पाहिलं तर..." पण कलेच्या दृष्टीने पाहायला कोणीच तयार नव्हतं. एवढ्या वर्षांची अब्रू कोंबड्यांनी खाल्ली. याहून वाईट काही होणं शक्य नाही, असं त्यांना वाटलं.

मेहुण्याचं मात्र त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो बहिणीकडे पाहत होता.

"ताई, तुमच्या घरी हीच एक प्रत ना?"

तिने मान डोलावली.

"मग तू कुठलं वाचून रडलीस?"

हसणं हळूहळू थांबलं. मेहुण्याने ग्रंथपाल बाईंच्या हातची प्रत घेतली, पान काढलं आणि बहिणीच्या हातात दिलं. "हे आहे आईचं. वाच. मी थांबतो."

तिने पुस्तक धरलं. मग थोडं लांब नेलं. मग हात सरळ होईपर्यंत आणखी लांब, आणि खिडकीच्या उजेडाकडे तिरकं केलं. महर्षी टेबलापाशी उभे राहून बघत होते. न ठरवता त्यांच्या डोक्यात आकडा आला. दोन. सव्वादोनही असेल. म्हणजे दोन-तीन वर्षं तरी तिने एक ओळ वाचलेली नसणार. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा नंबर ते चालता चालता सांगायचे, आणि ही रोज समोर बसून जेवत होती.

"दिसत नाही रे मला," ती म्हणाली. "पण रडले ते खरंच. तुझा फोन ठेवल्यावर. आईचं तू लिहिलंस आणि मला वाचताही येत नाही, म्हणून."

मेहुणा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि पुस्तक घेऊन हळू आवाजात वाचायला लागला. चहा किटल्यांमध्ये निवत होता, पण कोणी उठलं नाही. महर्षींनी आपला चष्मा काढला, घाईघाईने रुमालाने पुसला आणि खाली वाकून बायकोपुढे धरला. एवढ्या वर्षांत त्यांना तेवढंच सुचलं.

तिने त्यांच्याकडे न बघता तो हात बाजूला सारला.

"थांबा," ती म्हणाली. "एवढं प्रकरण होऊ दे."