वाढलेल्या बांगड्या

"सावकाश, बाबा! कात्री आत गेली तर चरा पडेल," राखी म्हणाली.

श्रीपतने कात्री बाजूला ठेवली आणि खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवली. जर्मनीहून आलेली नवी रेकॉर्ड बाहेर निघाली. जुनीपेक्षा जाड आणि जड. कव्हरवर इंग्रजीत त्याचं नाव होतं.

शेजारच्या छगनभाईंचा रेकॉर्ड-प्लेअर माळ्यावर होता, म्हणून गेल्या वर्षीच्या पुरात वाचला होता. त्यांनी तो स्वतः उचलून आणला होता आणि आता ते हलायला तयार नव्हते.

पहिली बाजू सुरू झाली. एक लांबलचक सूर भरत गेला, ओसरला, पुन्हा भरला.

"श्रीपतभाई, आ गीत छे के मोटर बळे छे?"

गाणं आहे की मोटर जळतेय, या छगनभाईंच्या प्रश्नावर राखी हसली. श्रीपतही हसला, पण उशिरा.

तो सुरतेतल्या उधन्याच्या एका लूम कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तरुणपणी त्याने भंगारातल्या रेडिओंचे भाग जोडून एकसुरी आवाज काढणाऱ्या दोन पेट्या बनवल्या होत्या. दोन्हींचे सूर जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नाहीत. असे दोन सूर एकत्र आले की आवाज ठरावीक वेळाने चढतो आणि उतरतो. राखी फिजिक्स शिकली तेव्हा तिने त्याला 'विस्पंद' हा शब्द सांगितला. तो मात्र 'झोका'च म्हणत राहिला. बडोद्याचे एक संगीतशिक्षक टेपरेकॉर्डर घेऊन नवागामच्या या खोलीत आले होते, आणि पुढे परदेशात त्या टेपची रेकॉर्ड निघाली. फारशी खपली नाही. घरी एक प्रत होती, ती पुरात गेली. आता जर्मनीतल्या एका कंपनीने तीच रेकॉर्ड नव्याने काढली होती.

छगनभाईंनी रेकॉर्ड उलटवली. त्याची बायको शकू साडीचं काम बाजूला सारून पुढे सरकली.

दुसरी बाजू तिची होती. टेप झाली त्या दिवशी लूम बंद होते, सगळं शांत होतं, आणि तान्ही राखी रडत होती. शकू कोपऱ्यात झोळीची दोरी ओढत बसली होती. दर ओढीला तिच्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. संगीतशिक्षक थांबले, पण श्रीपत म्हणाला, राहू द्या. त्याने पेटीची खुंटी फिरवत फिरवत सुराचा झोका झोळीच्या झोक्याशी जुळवला. नंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला शकू ती बाजू ऐकवायची.

हिवाळ्यात त्या जर्मन कंपनीचा फोन पीसीओवर आला होता. राखी इंग्रजी ऐकून त्याला सांगत होती. "ते म्हणतात, दुसऱ्या बाजूला काचेसारखी किणकिण येतेय. टेपचा दोष आहे का? असेल तर काढता येईल."

बूथबाहेर रांग होती. बूथवाला कान देऊन ऐकत होता. परदेशी माणसाला काय सांगायचं, बायको पोरीला झोके देत होती म्हणून?

"काढ म्हण. साफ पाहिजे."

राखीने रिसीव्हरवर हात ठेवला. "बाबा, ते आईचं..."

"काढ म्हटलं ना!"

"आते येतीन," प्लेअरसमोर बसलेली शकू आता म्हणाली आणि मान तिरकी करून बांगड्यांची वाट बघू लागली.

सूर चढला. उतरला. मधली जागा स्वच्छ होती. पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"राखीना बाप, मन्या बांगड्या कथा ग्यात?"

बांगड्या कुठे गेल्या ते राखीला माहीत होतं; ती वडिलांकडे बघू लागली. छगनभाईंनाच राहवलं नाही. "पाणीमां टेप बगडी गई हशे, बेन."

पुराच्या पाण्यात बिघडायला मूळ टेप कधी सुरतेत नव्हतीच. पण शकूला ते माहीत नव्हतं, आणि तिने मान हलवायला सुरुवातही केली होती. श्रीपतने फक्त गप्प राहायचं होतं.

"मीच काढाले लायात तुन्या बांगड्या," तो म्हणाला.

शकू दचकली. हात आपोआप मनगटावर गेला.

"असं बोलतंस का कोनी? तुम्ही समोर बसेल शेत, आनि बांगड्या काढ्यात म्हनतंस!" बांगड्या काढतात त्या विधवेच्या; सवाष्णीच्या वाढतात. "वाढन्यात म्हना."

छगनभाई रेकॉर्डकडे बघत राहिले.

"वाढन्यात," श्रीपत म्हणाला. "बूथवर लोके व्हतात. माले लाज वाटनी."

"मनी?"

तिचीच लाज वाटली होती का, एवढं विचारून तिने नजर पुन्हा प्लेअरकडे वळवली.

बाजू अजून बरीच उरली होती. शकूने पाय जवळ घेतले आणि झोळीची दोरी धरल्यासारखी उजव्या हाताची मूठ वळली. सूर चढला की हात मागे यायचा, उतरला की पुढे जायचा. साडीच्या धाग्यात काच अडकते म्हणून हल्ली ती प्लॅस्टिकच्या बांगड्या घालायची. त्या मनगटावर सरकत होत्या, एकमेकींवर येत होत्या.

श्रीपत प्लेअर सोडून तिच्या हाताकडे कान देऊन बसला.