वाचनालयाचे लांब टेबल

मित्रांनो, नगरपालिकेच्या वाचनालयात खिडकीलगत जे लांबलचक जुने टेबल आहे ना, ते मी. मला एका सुतार बाप-लेकांनी घडवले. रंधा मारताना बाप म्हणायचा, "कडा नीट गोल कर रे. वाचणारा माणूस कोपर टेकवतो. त्याला टोचायला नको."

कडा गोल झाल्या. वाचनालयाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माझ्यावरून हात फिरवला, माझे कौतुक केले. पुढे मला पुन्हा पॉलिश करायचे कोणाच्या लक्षात आले नाही. शाई सांडली, कर्कटकाने नावे कोरली गेली. त्याचे मला फारसे वाटले नाही. टेबल वापरले की असे होणारच.

रोजच्या वाचकांत दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य होते. निवृत्त बस कंडक्टर, म्हणजे सगळ्यांचे काका, वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. समोर एक नर्स बसत. घरी एका खोलीत सासू, दीर आणि दोन मुले, म्हणून ड्यूटी संपली की त्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करायला इथे येत.

"काका, मनात वाचा की."

"मनात वाचलं की डोळा लागतो माझा, सिस्टर."

असे वर्षानुवर्षे चालले होते. मग नगरपालिकेने खर्चाला कात्री लावली. आधी मासिके बंद झाली. नंतर पंखा बिघडला, तो बिघडलेलाच राहिला. एके दिवशी ग्रंथपाल बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"वाचनालय बंद करायचं ठरतंय," त्या म्हणाल्या. "इथे कर भरायचं ऑफिस येणार. परवा दुपारी नगरपालिकेचे साहेब पाहून गेले. त्यांना तीनच माणसं दिसली."

"दुपारी माणसं आपापल्या कामावर असतात," सिस्टर म्हणाल्या. "साहेबही कामावरच होते ना?"

काकांनी अर्धेच वाचलेल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मधेच वाचन थांबवताना मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

बाईंनी साहेबांना संध्याकाळी पुन्हा येण्याची विनंती केली. ते हो म्हणाले. मधल्या दिवसांत काका आणि सिस्टर मिळून घरोघर फिरले. सिस्टरांनी अनेकांच्या लेकरांना इंजेक्शने दिली होती, त्यामुळे दारे उघडत. पुढचे बोलणे काका करत.

त्या संध्याकाळी साहेब आले तेव्हा खोली भरलेली होती. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. माणसे वाचत होती. "आत सरका मंडळी, मधे जागा आहे," असे म्हणत काका लोकांना माझ्याभोवती दाटीवाटीने बसवत होते. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले.

"बसायला कुठे जागा आहे का?"

"थोडं थांबा साहेब," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "एवढं प्रकरण झालं की उठते मी."

साहेब थांबले. उभ्या उभ्या त्यांनी कपाटातले एक पुस्तक काढून चाळले आणि मग ते वाचतच राहिले. बाईंना हसू आवरेना.

वाचनालय राहिले. पण आता ते फक्त संध्याकाळी उघडते, आणि या वर्षी नवी पुस्तके नाहीत. सिस्टर परीक्षा पास होऊन दुसऱ्या गावी गेल्या. काका अजून येतात. आता त्यांना कोणी रागवत नाही, तरी ते मनात वाचतात. कधी कधी खरोखरच त्यांचा डोळा लागतो.

त्या संध्याकाळी आलेले बरेच जण पुन्हा फिरकले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, माणसाला कामे असतात. पण पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजपत्रक येईल, आणि साहेब कदाचित दुसरे असतील. मित्रांनो, माझी काळजी घ्यावी असे तुम्हाला वाटत असेल, तर फडके घेऊन येऊ नका. सवडीने या, पुस्तक उघडा, कोपर टेकवा. धूळ तुमच्या बाह्यांना लागून आपोआप निघून जाईल.