निळतुऱ्याचं गाणं

सूनबाई घरच्या पिंजऱ्यांतल्या जिवांसाठी माळावर गवत कापत होती, तेवढ्यात समोरच्या उंचवट्यावर एक रानटी निळतुऱ्या उभा राहून गाऊ लागला. तीन चढते सूर, मग एक लांब, थरथरता. डोक्यावरचा तुरा दिव्यासारखा पेटलेला. तिला हसू आलं. घरच्या निळतुऱ्याचं हेच गाणं ती नऊ वर्षं ऐकत होती.

मग तिचं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. आसपास चरणारे छोटे जीव, अंगारशेपटे, ढोलपोटे, सगळे जमिनीला चिकटले होते आणि एकेक करून बिळांत गडप होत होते. गवतातून बैलाएवढा करवतजबड्या पावलाचाही आवाज न करता बाहेर आला. निळतुऱ्या गातच राहिला. शेवटचं शेपूट बिळात गेल्यावर त्याने उडी मारली, पण करवतजबड्याने त्याला हवेतच धरलं.

पळायचं सोडून वेडा गात काय बसला, असं ती माळाच्या राखणदारणीला म्हणाली.

"गाणं कसलं? बोंब आहे ती," राखणदारीण म्हणाली. "खाणारा दिसला की मारतात."

सूनबाईच्या हातातला विळा तसाच राहिला.

सासऱ्यांचा संग्रह सगळीकडे गाजलेला. दिवाणखान्याच्या तीन भिंतींना छपन्न पिंजरे, आणि प्रत्येकातला जीव त्यांनी स्वतः माळावरून धरून आणलेला. घाण काढायचं काम तेवढं सुनेचं. ते खोलीत आले की निळतुऱ्या गायचा आणि बाकीचे डोकी तळाला टेकायचे. एक स्वागत करतो, बाकीचे नमस्कार करतात, असं ते कौतुकाने सांगत. त्यांची चाहूल लागली की घरातली माणसंही आवाज खाली आणत. त्याला ते शिस्त म्हणत.

त्या दुपारी संग्रह बघायला दोन पाहुणे आले होते. सासरे आत शिरले, निळतुऱ्या गाऊ लागला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मामंजी, हे गाणं नाही."

आणि माळावर पाहिलेलं सगळं तिने पाहुण्यांसमोर सांगून टाकलं. तिने एक शब्द गाळला नाही. पाहुणे पिंजऱ्यांकडे बघत राहिले. नवरा खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी बघू लागला.

सासरे चिडले नाहीत. आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"बरं," ते हसून म्हणाले. "मग ने आणि सोड माळावर. पहिल्याच दिवशी खाल्ला जाईल."

"जाईलही. पण तिथे तो ओरडला की कोणी पळू तरी शकतं. इथे नऊ वर्षं नुसता ओरडतोय."

तिने पिंजरा आकड्यावरून काढला. लोखंडी धूड ते, हाताला ओढ देत जमिनीवर आदळलं. निळतुऱ्या आत कोपऱ्यात दबला. पिंजरा जागेवर ठेव, असं सासरे हळूच म्हणाले. तो हळू आवाज तिला ठाऊक होता. त्याची अजून भीती वाटते याचाच तिला संताप आला. दोन्ही हातांनी ती पिंजरा दाराकडे फरफटत नेऊ लागली. मदतीला कोणी उठलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सासरे दिवाणखान्यात असले की त्या तिथे पाऊल ठेवत नसत. त्यांनी ओले हात पुसले, पाहुण्यांच्या मधून चालत आल्या आणि पिंजऱ्याची दुसरी कडी धरली.

"एकटीला नाही पेलवायचा तुला," त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "चव्वेचाळीस वर्षं झाली मला या घरात, पण माळाचा रस्ता माहीत नाही. तू पुढे हो."